व्लादिमीरने ज्यू धर्म घेतला असता तर? आधी ९८८ सोडा, ९६५ ला जा

प्रश्न थोडक्यात असा आहे: कीव्हच्या व्लादिमीर राजाने ९८८ साली ख्रिश्चन न होता ज्यू धर्म स्वीकारला असता तर आजच्या युक्रेन-रशियाच्या भागाचं पुढे काय झालं असतं, आणि राजा दरबारात शेवटच्या क्षणी निर्णय बदलतो इथून कादंबरी सुरू केली तर वाचकाला पटेल का.

मी बावीस वर्षं मध्ययुगीन पूर्व युरोप शिकवतेय आणि हा प्रश्न जवळजवळ दर वर्षी कोणीतरी विचारतंच, मला तो मनापासून आवडतो. पण सरळ सांगते, ९८८ पासून सुरुवात केलीत तर पटणार नाही. त्या वर्षी व्लादिमीरपुढे ज्यू धर्माचा पर्याय खरोखर उरलाच नव्हता, तो त्याच्या बापाने तेवीस वर्षं आधीच मोडून टाकला होता.

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कीव्हच्या जुन्या बखरीतली. ९८६ साली राजाकडे एकामागून एक लोक येतात, व्होल्गा काठचे मुस्लिम बल्गार, पोपकडचे जर्मन, खजर ज्यू (पूर्वेच्या खजर राज्यातले, त्यांच्याबद्दल पुढे सांगते) आणि शेवटी ग्रीक पंडित. मुस्लिमांना राजा सांगतो की दारू पिणं हा रूस लोकांचा, म्हणजे कीव्हच्या राज्यातल्या आम्हा लोकांचा, आनंद आहे, त्याशिवाय आम्हाला जमणार नाही. ज्यूंना विचारतो तुमचा धर्म काय सांगतो, ते म्हणतात सुंता करायची, डुक्कर आणि ससा खायचा नाही, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा पाळायचा. मग तो विचारतो तुमचा देश कुठाय, ते म्हणतात जेरुसलेमला, हा म्हणतो आत्ता तिथे आहात का, तर ते म्हणतात देव आमच्या पूर्वजांवर रागावला, आम्हाला देशोदेशी पांगवलं आणि आमची भूमी ख्रिश्चनांना दिली. झालं, राजा त्यांना हाकलतो.

आता इथे जरा थांबा आणि शेवटचं वाक्य परत वाचा. ९८६ साली जेरुसलेम ख्रिश्चनांकडे नव्हतंच, ते इजिप्तच्या फातिमी खलिफांच्या ताब्यात होतं. ख्रिश्चनांनी ते घेतलं १०९९ ला, पहिल्या क्रुसेडमध्ये, म्हणजे ख्रिश्चनांच्या धर्मयुद्धात. म्हणजे हा संवाद ज्या भिक्षूने लिहिला तो बाराव्या शतकाच्या सुरुवातीला कीव्हच्या मठात बसून, आपल्या काळातलं जग डोळ्यासमोर ठेवून लिहित होता. वर्गात हे वाक्य आलं की मी मुद्दाम काही बोलत नाही, कोणालातरी आपोआप खटकतं आणि तो क्षण मला फार आवडतो. अजून एक बघा, ९८७ साली राजा दहा माणसं पाठवतो सगळे धर्म प्रत्यक्ष बघून यायला, ती बल्गारांकडे जातात, जर्मनांकडे जातात, ग्रीकांकडे जातात. ज्यूंकडे कोणीच जात नाही. बखरकारालाही ठाऊक होतं की जाऊन बघण्यासारखा ज्यू दरबार आता शिल्लक नाही.

व्लादिमीरला ख्रिश्चन होऊन मिळालं काय तेही बघा. कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट बेसिल दुसरा तेव्हा पुरता अडकलेला, बार्दास फोकास नावाच्या सेनापतीने बंड करून आशिया मायनर घशात घातलेला. व्लादिमीरने सहा हजार व्हायकिंग पाठवले, त्यांच्या जोरावर बेसिल वाचला, आणि बदल्यात त्याने सख्खी बहीण अॅना दिली. ही सम्राट गादीवर असताना जन्मलेली राजकन्या, अशी मुलगी परक्या राजाला देण्याची पद्धतच नव्हती, जर्मन सम्राट ऑटोने मुलासाठी मागणी घातली तेव्हा ९७२ ला त्यालासुद्धा गादीवर असलेल्या सम्राटाची मुलगी न देता नात्यातली थिओफानो पाठवली होती. पण अॅनासाठी बाप्तिस्मा घ्यावा लागणार, ही अट. म्हणजे नातं, प्रतिष्ठा, पुरोहित, बांधकाम करणारे कारागीर आणि वर बल्गेरियात आधीच स्लाव भाषेत तयार झालेली प्रार्थनेची पुस्तकं, एवढं सगळं एका सौद्यात. तुमच्या कादंबरीतला खजर ज्यू यासमोर काय ठेवणार? त्याच्याकडे सम्राट नाही, सैन्य नाही, द्यायला राजकन्या नाही. वादात तो कितीही हुशार दाखवलात तरी वाचक मनात म्हणणार, राजाला वेड लागलंय का.

म्हणून ९६५ ला जा.

त्या साली व्लादिमीरचा बाप स्व्यातोस्लाव खजरांवर चालून गेला, डॉन नदीवरचा त्यांचा विटांचा किल्ला सारकेल घेतला, आणि पुढच्या काही वर्षांत व्होल्गाच्या मुखाजवळची त्यांची राजधानी इतिलही रूसांच्या हातून उद्ध्वस्त झाली. खजर म्हणजे कोण हे थोडक्यात, मूळचे तुर्की वंशाचे, स्टेपमधले म्हणजे गवताळ मैदानातले लोक, कॅस्पियनपासून नीपर नदीपर्यंत दोन-तीनशे वर्षं दरारा, आणि त्यांच्या राजघराण्याने नवव्या शतकात ज्यू धर्म घेतला होता. स्वीडनच्या गोटलंड बेटावर १९९९ ला चांदीचा एक मोठा साठा सापडला, त्यात अरबी नाण्याची नक्कल केलेलं एक खजर नाणं आहे आणि त्यावर मुहम्मदांच्या जागी "मोझेस देवाचा प्रेषित" असं कोरलंय, ८३०-४० च्या आसपासचं. राजा धर्म बदलतो आणि ते बाजारातल्या नाण्यावर दिसतं, याहून चांगला पुरावा काय पाहिजे.

आणि कीव्हचे राजे या खजरांकडे किती बघत होते याचा अंदाज एका शब्दावरून येतो. खजर सम्राटाची पदवी होती खागान. ८३९ सालच्या फ्रँक लोकांच्या नोंदीत रूसांच्या राजालाही खागानच म्हटलंय, आणि दोनशे वर्षांनी, सगळे ख्रिश्चन होऊन दोन पिढ्या झाल्यावर, कीव्हचा धर्मगुरू इलारिओन व्लादिमीरचं गुणगान करताना त्याला "आमच्या देशाचा थोर खागान" म्हणतो. त्याच प्रवचनात तो ज्यूंचा कायदा आणि ख्रिस्ताची कृपा यांची तुलना करून ज्यू धर्म कसा मागे पडला ते सांगतो, पण राजाचं मोठेपण सांगायला त्याला शब्द सापडतो तो ज्यू साम्राज्याचा. तुमच्या कादंबरीचं बी या एका शब्दात आहे असं मला वाटतं.

कीव्हमध्ये ज्यू होते का, हो, पक्के होते. कैरोच्या जुन्या सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनास्थळाच्या) कोठीत जे लाखो कागद सापडले त्यातलं एक हिब्रू पत्र केंब्रिजला आहे, १९६२ ला नॉर्मन गोल्ब यांच्या नजरेस पडलं. दहाव्या शतकातलं, कीव्हच्या ज्यू वस्तीने लिहिलेलं. याकोब नावाच्या माणसाच्या भावाने परधर्मीयांकडून पैसे उचलले, वाटेत दरोडेखोरांनी भावाला मारलं आणि पैसे लुटले, जामीन राहिलेल्या याकोबला सावकारांनी धरलं, वर्षभर लोखंडी बेड्यात ठेवलं. मग वस्तीने शंभरपैकी साठ नाणी भरून त्याला सोडवला आणि उरलेल्या चाळीससाठी हे पत्र हातात देऊन गावोगावच्या ज्यूंकडे पाठवला. खाली सह्या आहेत, त्यात हिब्रू नावं आहेत, खजर नावं आहेत, आणि गोस्तातासारखं चक्क स्लाव वळणाचं नावही आहे. कोपऱ्यात तुर्की लिपीत एक शब्द, बहुतेक "वाचलं" अशा अर्थाचा, म्हणजे कोणा अधिकाऱ्याचा शेरा. हे पत्र मी विद्यार्थ्यांना दाखवते तेव्हा सांगते की सम्राट-राजे बाजूला ठेवा, हे कर्जात अडकलेलं कुटुंब बघा, यांच्या नातवंडांपर्यंत काय झालं असतं ते लिहा.

पुढचा धागा, शिकलेली माणसं कुठून आणायची. तीही तयार आहेत. बायझंटाईन सम्राट रोमानोस पहिला याने दहाव्या शतकात ज्यूंचं सक्तीने धर्मांतर करायला घेतलं आणि बरेच ज्यू पळून खजरांकडे गेले, हे अरब लेखक मसूदीने नोंदवलंय. म्हणजे ९६५ ला खजर मुलखात ग्रीक येणारे, हिब्रू लिहिणारे, हिशोब ठेवणारे, आणि कॉन्स्टँटिनोपलवर राग असणारे लोक आहेत. स्व्यातोस्लाव इतिल जाळत नाही, जिंकतो आणि तिथल्या गादीवर बसतो, स्टेपमध्ये जिंकणाऱ्याने हरलेल्याची गादी, पदवी आणि कारकून जसेच्या तसे उचलणं अगदी नेहमीचं होतं. खजर मुलगी करतो. एवढाच बदल करा. मग वीस वर्षांनी व्लादिमीर त्या घरात वाढलेला मुलगा म्हणून समोर येतो, आणि ज्यू धर्म हा बाहेरून आलेल्या चार म्हाताऱ्यांचा युक्तिवाद न राहता सावत्र आईचा, दरबाराचा, करवसुलीच्या वह्यांचा धर्म होतो. ९८८ चा प्रसंग तेव्हा आपोआप पटेल.

आता धर्मांतर कसं दिसलं असतं, इथे बहुतेक लेखक चुकतात. ख्रिश्चन धर्मात राजा सांगतो, सगळं शहर नदीत उतरतं, एका दिवसात काम होतं, कीव्हला तसंच झालं. पेरूण देवाची लाकडी मूर्ती, डोकं चांदीचं आणि मिशी सोन्याची, घोड्याच्या शेपटीला बांधून ओढत नेली, बारा माणसं तिला काठ्यांनी बडवत होती, आणि नीपरमध्ये सोडून दिली. ज्यू धर्मातही नदीत बुडी आहे, पण त्याआधी सुंता, तीन जणांचं पंचमंडळ, आणि माणूस खरंच समजून येतोय का याची चौकशी. हजारो लोकांचं हे असं एका सकाळी होत नाही, आणि रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मपंडितांची, तशी इच्छाही नसते. खजरांकडेही राजा आणि वरचा थर ज्यू, बाकी प्रजा मुस्लिम, ख्रिश्चन, मूर्तिपूजक. मसूदी सांगतो की इतिलला सात न्यायाधीश होते, दोन मुस्लिमांसाठी, दोन ज्यूंसाठी, दोन ख्रिश्चनांसाठी आणि एक मूर्तिपूजकांसाठी. तुमचं कीव्ह असं करा. डोंगरावर राजवाड्यापाशी सिनेगॉग, खाली बाजारात संत एलियाचं चर्च, हे चर्च तर बापाच्याही आधीपासून होतं, आजोबा ईगोरच्या ९४४ च्या तहात त्याचा उल्लेख आहे, आणि गावागावात पेरूण तसाच. खऱ्या इतिहासातही खेड्यातला जुना धर्म शंभर वर्षं गेला नव्हता, १०७१ च्या सुमाराला नोव्हगोरोदमध्ये एका मांत्रिकाच्या मागे अख्खं गाव उभं राहिलं होतं आणि बिशपच्या बाजूला फक्त राजा आणि त्याची माणसं. ज्यू राजाच्या राज्यात तर गावकऱ्याला बदलायची सक्तीच नसेल, म्हणून मला वाटतं खेडी हळूहळू शेजारून येणाऱ्या ख्रिश्चन प्रचारकांकडेच सरकली असती आणि राजा-प्रजा धर्म वेगळे ही गाठ बाराव्या शतकात घट्ट बसली असती.

खरी कुस्ती राजाच्या सोबत्यांशी. द्रुझिना म्हणायचे त्यांना, राजाबरोबर जेवणारे-लढणारे खासे लोक. स्व्यातोस्लावला आई ओल्गा म्हणत होती ख्रिश्चन हो, तो म्हणाला माझी द्रुझिना मला हसेल. आणि हेच लोक व्लादिमीरच्या पंगतीत कुरकुरले की आम्हाला लाकडी चमच्यांनी जेवायला लावतो, तर त्याने चांदीचे चमचे करून दिले, म्हणाला चांदीने द्रुझिना मिळणार नाही पण द्रुझिनेने चांदी मिळेल. या माणसांना सुंता करून घ्या म्हणायचं! आणि ताटातलं बघा, डुक्कर गेलं, ससा गेला, अस्वल गेलं, बीव्हर गेला, नद्यांमधला स्टर्जन मासा गेला कारण धर्माला लागतात तसे खवले त्याला नाहीत. हरीण चालतं, पण सुरीने रीतसर कापलेलं, भाल्याने मारून आणलेलं नाही. म्हणजे शिकार हा खेळ राहील पण तिचं मांस पंगतीत येणार नाही, आणि राजा आणि त्याचे लोक जिथे एकत्र येतात ती जागाच ही. यावर एक पूर्ण प्रकरण लिहा, धर्म चर्चेत बदलत नाही, स्वयंपाकघरात बदलतो. दारूची मात्र काही अडचण नाही, मधाची दारू त्यांची आवडती आणि ती द्राक्षाची नसल्यामुळे वाईनला जी बंधनं आहेत ती तिला लागत नाहीत, शब्बाथ संपतानाच्या विधीलासुद्धा द्राक्षं न पिकणाऱ्या मुलखात तिथलं पेय चालतं. बायकांचं तसंच, बखरीत व्लादिमीरच्या पाच राण्या आणि आठशे रखेल्या लिहिल्यात, आकडा फुगवलेला असेल, पण अनेक बायका करायला ज्यू कायद्यात त्या काळी बंदी नव्हती, माइन्झचे रब्बी गेर्शोम यांच्या नावाने ओळखली जाणारी बंदी यायची होती आणि तीही जर्मन बाजूच्या ज्यूंपुरती.

शरद ऋतूत सुक्कोथचा सण येतो, त्याला एत्रोग नावाचं लिंबाच्या जातीचं फळ आणि खजुराची पानं लागतात. कीव्हला यातलं काहीच उगवत नाही. उत्तर युरोपातल्या वस्त्या एकाच एत्रोगवर सगळा सण काढायच्या, तसं इथे होईल. कातडी आणि मेण घेऊन दक्षिणेला गेलेली होडी परत येताना एक फळ आणतेय आणि सगळं शहर धक्क्यावर वाट बघतंय, हा प्रसंग मला स्वतःला वाचायला आवडेल.

लिपी. यावर मी तासभर बोलू शकते. नोव्हगोरोदला भूर्जपत्रांवर लिहिलेली पत्रं १९५१ पासून सापडताहेत, हजाराच्या वर झाली, त्यात तेराव्या शतकातल्या ओनफिम नावाच्या पोराने अक्षरं गिरवलेले झाडाच्या सालीचे तुकडे आहेत, सहा-सात वर्षांचा असेल, अक्षरं कंटाळला की चित्रं काढलीत, घोड्यावर बसून शत्रूला भाला मारणारा स्वतः, एक शेपटीवाला राक्षस. गिरवताना प्रार्थनेतले तुकडे येतात. तुमच्या जगात ओनफिम आलेफ-बेथ गिरवेल, भाषा त्याची स्लावच, लिपी हिब्रू. हे हवेतलं नाही, मध्य युरोपातले ज्यू स्लाव बोलायचे, राशीसारख्या अकराव्या शतकातल्या भाष्यकाराने अवघड शब्दांचे "कनानच्या भाषेतले" म्हणजे स्लाव अर्थ दिलेत, आणि पोलंडच्या मिएश्को तिसऱ्याच्या नाण्यांवर हिब्रू अक्षरात पोलिश मजकूर आहे. मुलग्याने वाचायला शिकायचं ही ज्यू घराची अपेक्षा असल्यामुळे वरच्या थरात साक्षरता लवकर वाढेल. पण मठ नसतील, मठ नाहीत म्हणजे भिक्षू नाहीत, आणि भिक्षू नाहीत म्हणजे आपण जी बखर वर वापरली तीही नाही. कीव्हच्या सेंट सोफिया चर्चची मोझाईक नाहीत, आयकॉन म्हणजे संतांची पवित्र चित्रं नाहीत, ही फार मोठी हानी आहे आणि ती तुमच्या कादंबरीत जाणवली पाहिजे.

बिशपही नाहीत हे राज्यकर्त्याला जास्त बोचेल. चर्चने रूसांना एक बांधलेला साचा दिला, सगळ्या शहरांवर एक मेट्रोपॉलिटन म्हणजे मुख्य धर्मगुरू, भाऊ-भाऊ लढले तरी तो एकच. ज्यूंकडे तसा अधिकारी नाही, अवघड प्रश्न बगदादच्या गाओनांना, म्हणजे तिथल्या ज्यू विद्यापीठांच्या प्रमुखांना, लिहायचे, शेरिरा आणि त्यांचा मुलगा हाय हे तेव्हाचे मोठे. पत्र जायला-यायला वर्ष. तोपर्यंत राजपुत्र एकमेकांचे गळे धरून बसलेले. त्यामुळे तुमचं राज्य खऱ्यापेक्षा लवकर फुटेल असं मी म्हणेन.

शेजाऱ्यांबद्दल लोक फार घाबरवतात की बायझंटियम चिरडून टाकेल. येमेनमधलं हिम्यारचं ज्यू राज्य ख्रिश्चन इथिओपियाने ५२५ च्या सुमाराला बायझंटियमच्या पाठिंब्याने संपवलं हे खरं, पण तिथे समुद्र ओलांडला की झालं, इथे नीपरचे धबधबे आणि पेचेनेग टोळ्या मध्ये आहेत. व्यापार चालूच राहील, ९११ चा तह झाला तेव्हा रूस मूर्तिपूजकच होते. धोका पश्चिमेकडून, पोलंडच्या बोलेस्लावने १०१८ ला खऱ्या इतिहासातही कीव्ह घेतलंच होतं, तेव्हा त्याच्या हातात धर्मयुद्धाचा झेंडा नव्हता. आणि सोयरिकी तुटतील. व्लादिमीरचा मुलगा यारोस्लाव, त्याच्या मुली फ्रान्स, हंगेरी, नॉर्वेच्या राण्या झाल्या, ज्यू राजाच्या मुलींसाठी ती दारं बंद.

पण एक दार उघडेल. १०९६ ला ऱ्हाइन काठी वर्म्स, माइन्झच्या ज्यूंची क्रुसेडच्या जमावांनी कत्तल केली. वाचलेल्यांना पूर्वेला एक ज्यू राजा आहे हे माहीत असेल तर ते कुठे जातील? खऱ्या इतिहासात १११३ ला कीव्हमध्येच ज्यूंची घरं लुटली गेली. तुमच्या कादंबरीत त्याच रस्त्यावर ऱ्हाइनहून आलेले लोक सामान उतरवतील आणि स्थानिक ज्यूंशी भांडतील की तुमचा शब्बाथ बरोबर नाही. ते भांडण जरूर लिहा. दूरच्या वस्त्या थोडक्या गोष्टींवर टिकतात, आपल्या रायगडच्या बेने इस्रायलींकडे ग्रंथ नव्हते, शेमा ही प्रार्थना, सुंता आणि शनिवारी तेलाचा घाणा बंद एवढ्यावर पिढ्या काढल्या, म्हणून तर शनिवार तेली नाव पडलं, बाकीच्या बऱ्याच गोष्टी नंतर बाहेरच्या ज्यूंनी शिकवल्या. कीव्हलाही पहिली शंभर वर्षं असंच जाईल.

एक कळकळीची विनंती. आजचे युरोपीय ज्यू म्हणजे खजरांचे वंशज असं सांगणारा सिद्धांत इंटरनेटवर फिरतो, तो कादंबरीत शिरू देऊ नका. ना भाषेचा आधार आहे ना जनुकांचा, आणि तो आज ज्यूंना परके ठरवायला वापरतात.

१२४० च्या डिसेंबरमध्ये मंगोल कीव्ह घेतात तिथे थांबा, त्यापुढे इतकं बदललेलं असेल की मॉस्को वगैरे नावंसुद्धा धरून चालता येणार नाही. आणि सुरुवात सारकेलला करा. विटांची भिंत पडलीय, स्व्यातोस्लाव आत आलाय, कॉन्स्टँटिनोपलहून पळून आलेल्या माणसाचा मुलगा करांच्या वह्या छातीशी धरून कोपऱ्यात उभा आहे, आणि मशाल घेतलेल्या सैनिकाला राजा म्हणतो, थांब, आधी यात काय लिहिलंय ते त्याला वाचू दे.